श्रद्धा आणि वाटा: मालवण किनाऱ्यावरील ख्रिस्ती आचरणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या व्यवहारात कशी उतरते, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सहसा तत्त्वाच्या बाजूने मांडला जातो. आधी सिद्धान्त सांगायचा, मग त्यातून निघणारी नीती आणि शेवटी पुरवणीदाखल काही उदाहरणे, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. देवगडपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेल्या सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर हा क्रम उलटा धरल्याखेरीज विषय हाती लागत नाही. येथील ख्रिस्ती समाज संख्येने अगदी थोडा आहे, त्याच्या वाड्या हिंदू वाड्यांच्या कडेला, क्वचित मधोमध वसलेल्या आहेत, आणि त्याच्या श्रद्धेची ओळख शेजाऱ्यांना प्रवचनातून फारशी झालेली नाही. ती झाली मासळीचे वाटे घालताना, आजाऱ्याच्या उशाशी बसताना, मयताच्या घरी पेज पोचवताना आणि घेतलेल्या उधारीची फेड करताना. असे आचरण हाच ज्या अभ्यासाचा विषय आहे, त्याला कागदपत्रांचा आधार तुटपुंजा मिळणार हे उघड आहे, कारण बाप्तिस्म्याची, लग्नाची व दफनाची नोंद धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकसमूहाच्या, वहीत होते, पण कोणी कोणाच्या म्हाताऱ्या आईला औषध नेऊन दिले याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

हा समाज कोठून आला, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. सिंधुदुर्ग हा जिल्हा रत्नागिरीतून वेगळा होऊन १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, परंतु त्याच्या दक्षिणेकडील भागाचा इतिहास सावंतवाडी संस्थानाचा आणि त्याला लागून असलेल्या गोव्याचा आहे. येथील बहुसंख्य कॅथलिक कुटुंबांची मुळे गोव्यात आहेत. जमिनीच्या शोधात, साथीच्या भीतीने, करांच्या जाचाने आणि काही वेळा धर्मसत्तेच्या धाकाने माणसे सावंतांच्या मुलखात येत राहिली आणि फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज, लोबो ही आडनावे माजगाव, बांदा, वेंगुर्ला, मालवण या परिसरांत रुजली. घरात कोकणी, बाजारात मालवणी आणि शाळेत मराठी अशी त्यांची तीन पदरी भाषा याच स्थलांतराची खूण आहे. वेंगुर्ल्याला १६३७ पासून डचांची वखार होती, म्हणजे प्रॉटेस्टंट युरोपीयही या किनाऱ्याला नवखे नव्हते. आणि नेमक्या त्याच वर्षी दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळात जन्मलेले मातेउस द कास्त्रो यांना रोममध्ये बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या आदिलशाही मुलखातील ख्रिस्ती लोकांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पोर्तुगीज राजाच्या आश्रयाशिवाय ख्रिस्ती राहता येते की नाही, हा प्रश्न या भागात अशा रीतीने सतराव्या शतकातच उभा राहिला होता. आज येथील कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. बिशपच्या अधिकारक्षेत्राला धर्मप्रांत म्हणतात, आणि सिंधुदुर्गचा धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढून ५ जुलै २००५ रोजी स्थापण्यात आला, त्याचे मुख्य चर्च सावंतवाडीत आहे. कॅथलिकांच्या तुलनेत प्रॉटेस्टंटांची संख्या लहान असून तिचा उगम प्रामुख्याने अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कोल्हापूर, रत्नागिरी व वेंगुर्ला येथील कामात आहे.

श्रद्धा आणि कृती यांचा संबंध हा ख्रिस्ती विचारातला जुना वादविषय आहे. कृतीत न उतरलेली श्रद्धा निर्जीव होय, असे नव्या करारातील याकोबाचे पत्र सांगते. तर माणसाचा उद्धार त्याच्या पुण्यकृत्यांनी होत नाही, तो केवळ देवाच्या कृपेने व त्या कृपेवरील विश्वासाने होतो, असे पौलाच्या पत्रांच्या आधारे सोळाव्या शतकात मार्टिन लूथर यांनी ठासून मांडले आणि याकोबाच्या पत्राविषयी आपली नाराजीही लपवली नाही. कॅथलिक चर्चने ट्रेंट येथील धर्मसभेत, १५४५ ते १५६३ या काळात, कृपा व मानवी कृती यांची सांगड कायम ठेवली. या वादाचा मालवणच्या कोळवाड्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पण संबंध आहे, कारण दोन्ही परंपरांनी रोजच्या जगण्याला धर्मात जागा दिली ती वेगवेगळ्या दारांनी. लूथर यांच्या परंपरेने ‘पाचारण’ ही कल्पना दिली, म्हणजे चांभार, शेतकरी किंवा दाई यांचे काम हेही देवाने सोपवलेले काम आहे आणि ते मठातल्या प्रार्थनेपेक्षा कमी प्रतीचे नाही. कॅथलिक परंपरेने ‘दयाकृत्ये’ दिली: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची व बंदिवानाची विचारपूस आणि मृताला मूठमाती, अशी ही सात कृत्ये असून त्यांतील पहिल्या सहांचा आधार मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येणाऱ्या अंतिम न्यायाच्या वर्णनात आहे. त्या वर्णनातला मर्मभाग असा की, न्यायाच्या दिवशी जे धन्य ठरतात त्यांना आपण ख्रिस्ताची सेवा केली होती हे ठाऊकच नसते. कृती करणाऱ्याला तिच्या धार्मिकतेचे भान असलेच पाहिजे असे नाही, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कोकणपट्टीत ही शिकवण देशी भाषेत लवकर पोचली. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी प्रसिद्ध झाली. प्रश्नोत्तरी म्हणजे धर्माची मूलतत्त्वे प्रश्न-उत्तरांच्या रूपाने पाठ करून घेण्यासाठी रचलेले पुस्तक. अक्षरओळख नसलेल्या घरांतही अशी उत्तरे तोंडपाठ असत. तरीही पाठांतरातून आचरण कसे घडले, याविषयी इतिहासकार फारसे बोलत नाहीत, आणि जेथे बोलतात तेथे त्यांचा साक्षीदार बहुधा धर्मगुरू किंवा चौकशी न्यायालय असते.

आचरण हा श्रद्धेचा पुरावा मानण्याची एक अतिशय दाहक पद्धत या किनाऱ्याने पाहिली आहे, ती म्हणजे गोव्याचे ‘इन्क्विझिशन’. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला एक छोटा खंड सोडल्यास, धर्मद्रोहाची चौकशी करणारे हे न्यायालय गोव्यात चालू होते, आणि १७३६ च्या त्याच्या हुकूमनाम्यात ख्रिस्ती घरांनी काय करू नये याची जी यादी आहे ती अक्षरशः स्वयंपाकघरापर्यंत जाते: अंगणात तुळस ठेवू नये, मीठ न घालता भात शिजवू नये, लग्नात देशी गाणी म्हणू नयेत, पुरुषांनी धोतर व स्त्रियांनी चोळी वापरू नये. श्रद्धा रोजच्या कृतींत दिसते हे तत्त्व या हुकूमनाम्यालाही मान्य होते. त्याने फक्त ते तत्त्व पहारेकऱ्याच्या हाती दिले. भातात मीठ घातले म्हणजे ख्रिस्ती आणि न घातले म्हणजे धर्मद्रोही, अशा हिशेबात भुकेल्या शेजाऱ्याला तो भात वाढला की नाही हा प्रश्नच उरत नाही. सावंतांच्या मुलखात आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांवर असा पहारा नव्हता. त्यांना चोळी, नऊवारी, विडा, ओवी यांच्यासह ख्रिस्ती राहता आले आणि त्यांच्या श्रद्धेची परीक्षा घेणारा परीक्षक बदलला: चौकशी न्यायालयाच्या जागी गावकी आली, आणि गावकीला माणूस कोणाची उपासना करतो यापेक्षा तो बांध कोरतो का, पाटाचे पाणी चोरतो का, याच्याशी अधिक कर्तव्य होते. ही अदलाबदल या विषयाच्या केंद्रस्थानी आहे, असे प्रस्तुत लेखन मानते.

घराच्या आत या श्रद्धेचे केंद्र म्हणजे ‘ओरतोर’, भिंतीवरील किंवा लाकडी कपाटातील घरगुती वेदी. दिवेलागणीला तिच्यासमोर ‘तेर्स’, म्हणजे मरियेच्या नावाने मण्यांच्या माळेवर म्हटली जाणारी जपप्रार्थना, होते. प्रार्थना संपली की धाकट्याने थोरल्यासमोर हात जोडून ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागायचा, अशी गोमंतकीय वळणाच्या ख्रिस्ती घरांतली जुनी रीत आहे. ही रीत केवळ आदब म्हणून पाहिली तर तिच्यातला अर्धा भाग निसटतो. दुपारी वडिलांशी भांडलेल्या मुलाला संध्याकाळी त्यांच्यापुढे हात जोडावेच लागतात, आणि सुनेशी दिवसभर अबोला धरलेल्या सासूलाही आशीर्वादाचा हात उचलावा लागतो. भांडण मिटले असो वा नसो, ते रात्र ओलांडून पुढच्या दिवसात जाणार नाही याची तजवीज घराच्या दिनक्रमातच केलेली असते. क्षमेवरचे प्रवचन वर्षातून काही रविवारीच कानी पडते, बेसांव रोज मागावा लागतो. अर्थात त्यात आज्ञाधारकतेचे वजन आहे आणि ते बहुधा स्त्रिया व मुले यांच्याच खांद्यावर पडत आले, हेही नाकारता येत नाही. आशीर्वाद खालून वर मागितला जातो; माफी वरून खाली मागण्याची रीत मात्र कोणी घालून दिलेली नाही.

घराबाहेर पडल्यावर या श्रद्धेचा मुख्य मुलूख म्हणजे रापण. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि मग वाळूत पाय रोवून दोन रांगांनी माणसे ते ओढत राहतात. एकट्याचे हे काम नव्हे. रापणीचा संघ असतो, जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांचे असतात, आणि मिळालेल्या उत्पन्नात होडीचा, जाळ्याचा व राबणाऱ्या हातांचा वेगवेगळा वाटा धरला जातो. मालवण, देवबाग, तारकर्ली या पट्ट्यात गाबीत समाजाबरोबर ख्रिस्ती कुटुंबेही मच्छीमारीत आहेत. देवबागेला ख्रिश्चनवाडी अशी स्वतंत्र वाडीच आहे. दोर ओढताना वेग सर्वांचा एक ठेवावा लागतो. एका बाजूची रांग ढिली पडली की जाळ्याचे तोंड वाकडे होते आणि बांगडा किंवा तारली त्या फटीतून निसटून जाते. मासळी वाळूवर आली की लिलाव, मग हिशेब. आजारपणामुळे न आलेल्याला वाटा द्यायचा की नाही, ज्याचा नवरा बुडाला त्या बाईच्या जाळ्याच्या तुकड्याचा हिशेब कसा करायचा, वाटेने जाता जाता चार हात दोर ओढून गेलेल्या पोराला कालवणापुरती मासळी द्यायची की नाही, हे प्रश्न तेथे तोंडी सुटतात आणि ते ज्या तऱ्हेने सुटतात त्यावरून माणसांची किंमत ठरते. ज्याला धर्मशास्त्र न्याय आणि दया यांच्यातला ताण म्हणते, तो येथे ओल्या वाळूवर, मासळी नासण्याच्या आत, निकालात काढावा लागतो. वाट्याचा हिशेब चोख ठेवणे हा न्याय झाला. आजाऱ्याचा वाटा बाजूला काढणे ही दया. पण तो वाटा काढल्यामुळे ज्यांच्या पदरात कमी पडले त्यांची संमती कोणी आणि कशी मिळवली, हा तिसरा प्रश्न असून बहुतेक ग्रंथ त्याला स्पर्शही करत नाहीत.

आता या विषयाची खरी अडचण सांगता येईल. रापणीत ख्रिस्ती माणूस जे करतो तेच त्याच्या शेजारी दोर ओढणारा गाबीतही करतो. आजाऱ्याचा वाटा दोघेही काढतात, मयताला दोघेही धावतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणारा हात आणि गळ्यातला क्रूस चाचपणारा हात वादळात एकाच होडीचे पाणी उपसतात. मग त्यातले ‘ख्रिस्ती आचरण’ कोणते? या प्रश्नाला दोन उत्तरे नेहमी दिली जातात आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर असे की ही सारी कोकणातल्या गावरहाटीची, म्हणजे मानपान, जबाबदाऱ्या व ग्रामदेवतेचे कार्य यांनी बांधलेल्या ग्रामव्यवस्थेची देणगी असून ख्रिस्ती धर्माचा त्यात काही भाग नाही. दुसरे असे की ख्रिस्ती माणसाच्या कृतीमागे वेगळा हेतू असतो आणि हेतू वेगळा म्हणून कृतीही वेगळी. पहिले उत्तर ओरतोरासमोरच्या संध्याकाळीला जमेत धरत नाही. दुसरे उत्तर इतरांच्या मनात डोकावल्याचा आव आणते आणि गाबीत शेजाऱ्याच्या मनात त्याच्या देवाविषयीचे उत्तरदायित्व नसेलच असे गृहीत धरते. प्रस्तुत लेखनाची भूमिका अशी आहे की, कृतीत वेगळेपण शोधण्याचा हट्टच सोडावा. मत्तयाच्या त्या न्यायदृश्यात भुकेल्याला अन्न देणाऱ्याच्या हाताकडे पाहिले जाते, त्याच्या धर्माची चौकशी होत नाही. तेव्हा एखादी कृती शेजाऱ्याच्या कृतीपासून ओळखू न येणे हे ख्रिस्ती आचरणाचे अपयश मानण्याचे कारण नाही. वेगळेपण असेलच तर ते त्या कृतीचा हिशेब माणूस कोठे आणि कोणाच्या नावाने देतो, यात आहे. दिवसभराचा तो हिशेब संध्याकाळी तेर्सात, आठवड्याचा मिस्सेत, म्हणजे चर्चमधील रविवारच्या उपासनेत, आणि वर्षाचा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पापनिवेदनाच्या रूपाने दिला जातो. असा ठरलेल्या वेळी द्यावा लागणारा हिशेब माणसाच्या हातावर हळूहळू परिणाम करतो.

शेजारधर्माची जी रूपे दोन्ही समाजांत सामाईक आहेत त्यांत सणाच्या ताटाला मोठे स्थान आहे. नाताळात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल यांचे ताट हिंदू शेजाऱ्यांकडे जाते आणि चतुर्थीला त्यांच्याकडून फराळ येतो, हे तर सर्वश्रुतच आहे व त्याचे कौतुकही गरजेपेक्षा जास्त झाले आहे. कमी बोलली जाणारी गोष्ट ही की, ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल त्या घरी सणाला कढई चढवत नाहीत, आणि म्हणून शेजारघरांची ताटे त्या घराकडे आठवणीने वळतात. येथे दान आणि देवाणघेवाण यांतला फरक दिसतो: फराळाच्या ताटाची परतफेड होते, सुतकाच्या घरी गेलेल्या ताटाची त्या वर्षी होत नाही आणि तशी ती कोणी मोजतही नाही.

मात्र सर्वच रूढी अशा निर्दोष नाहीत. गोमंतकीय ख्रिस्ती समाजात लग्नाआधी ‘भिकाऱ्यांचे जेवण’ घालण्याची पद्धत आहे. घरातल्या मृतांच्या स्मरणार्थ गावातल्या गरिबांना बोलावून, पाने मांडून, आधी त्यांना जेवू घालायचे आणि मग मंगलकार्याला लागायचे. भुकेल्याला अन्न देण्याच्या दयाकृत्याचे इतके नेमके घरगुती रूप दुसरीकडे सापडणे कठीण. पितरांच्या नावाने जेवू घालण्याची जुनी रीतही त्यात स्पष्ट दिसते. तरीही त्या पंक्तीतला माणूस लग्नाच्या पंक्तीत नसतो, हे विसरून चालणार नाही. तीच गोष्ट ‘कोन्फ्रारीं’ची. कोन्फ्रारी म्हणजे चर्चशी जोडलेला प्रापंचिकांचा, अर्थात धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांचा, बंधुसंघ. सभासदाच्या अंत्ययात्रेला झगा घालून हजर राहणे, फेस्ताचा, म्हणजे संतांच्या उत्सवाचा, खर्च व मान वाटून घेणे ही त्याची कामे. गोव्यातल्या अनेक कोन्फ्रारी दीर्घकाळ जातवार होत्या आणि मृताला मूठमाती देण्यासारखे दयाकृत्यही अशा रीतीने जातीच्या कुंपणात अडकले. बाप्तिस्म्याने सर्व एक होतात हा सिद्धान्त आणि झगा कोणाच्या अंगावर असावा हा तंटा, दोन्ही एकाच चर्चच्या आवारात शेकडो वर्षे नांदले. आचरणाचा अभ्यास करणाऱ्याने हे झाकले, तर तो अभ्यास राहणार नाही, गौरवग्रंथ होईल.

प्रॉटेस्टंट बाजूची कथा वेगळ्या ठिकाणी सुरू होते. वेंगुर्ल्यातील सेंट ल्यूक्स रुग्णालय आणि तेथे काम केलेले डॉ. रॉबर्ट गोहीन यांचे नाव जुन्या पिढीला परिचित आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन, ज्याने पुढे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्षपद व १९७७ नंतर भारतातील अमेरिकेचे राजदूतपद सांभाळले, त्याचा जन्म १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यातच झाला. घाटावर मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या रुग्णालयाकडेही कोकणातले रोगी जात असत. या संस्थांचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्यांच्या इतिहासात डॉक्टरांची नावे ठळक आणि परिचारिका, आया, स्वयंपाकी, सफाई करणारे यांची नावे पुसट, असे जे घडते त्याकडे येथे मुद्दाम बोट दाखवायला हवे, कारण ‘पाचारण’ या कल्पनेचा खरा कस त्याच कामांत लागतो. जखमेची पट्टी बदलणे, पलंगाखालचे भांडे उचलणे ही कामे ज्या समाजव्यवस्थेत ठरावीक जातींवर टाकलेली होती, तेथे शिकलेल्या मुलीने ती पेशा म्हणून, पगार घेऊन, गणवेश घालून करणे ही गोष्ट कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठी होती. ख्रिस्ती मुली या पेशात आधी शिरल्या. त्यांच्यामागून इतर समाजांतल्या आल्या. आज परिचारिका होणे हे कोकणातल्या कोणत्याही घराला कमीपणाचे वाटत नाही, आणि त्या बदलाचे मूळ कोणाच्या लक्षातही राहिलेले नाही.

याच प्रवाहात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा उल्लेख अपरिहार्य आहे. त्यांचा जन्म १८६१ मध्ये त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली भागात करजगाव येथे झाला आणि बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत. ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी मिशनचा नोकर होणे नव्हे, या जाणिवेने त्यांनी १९१७ मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त असावेत अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांतच त्यांचे निधन झाले व प्रयोग अपुरा राहिला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात मात्र त्या श्रद्धेची घरगुती बाजू अशी उतरली आहे की, आचरणाच्या अभ्यासासाठी मराठीत तिच्याहून चांगला ग्रंथ नाही. टिळकांच्या औदार्यामुळे घरात उद्या शिजवायला काही उरणार की नाही, ही चिंता त्यात सतत लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येते, आणि एकाच्या दयाकृत्याची किंमत दुसरा कसा मोजतो हे तेथे लख्ख दिसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅथलिक चर्चच्या आतही रोजच्या कामाविषयीची दृष्टी पालटली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने उपासना लोकभाषेत आणली आणि जगातले व्यवहार ख्रिस्ती वृत्तीने चालवणे हे प्रापंचिकांचे स्वतःचे कार्य आहे, धर्मगुरूंच्या कार्याची ती दुय्यम आवृत्ती नाही, असे मांडले. या किनाऱ्याच्या दृष्टीने त्याचा सर्वांत ठोस परिणाम शेजारच्या गोव्यात दिसला. सत्तरच्या दशकात यांत्रिक नौकांनी किनाऱ्यालगतची मासळी ओरबाडायला सुरुवात केली तेव्हा तेथील रापणकारांचे आंदोलन उभे राहिले, त्यात शिक्षक असलेले मातान्ही साल्ढाणा पुढे होते आणि त्याच हालचालींतून देशभरातल्या पारंपरिक मच्छीमारांची संघटना आकाराला आली. मालवणच्या किनाऱ्यावर तोच संघर्ष पर्ससीन जाळ्यांच्या, म्हणजे मासळीच्या थव्याला चहूबाजूंनी वेढून तळाशी आवळून घेणाऱ्या अजस्र जाळ्यांच्या, विरोधात चालला आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने अशा मासेमारीवर निर्बंध घातले. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत झाडे व पाणी यांच्यासाठी जी भूमिका घेतली तिचा वंशही हाच. दयाकृत्ये व्यक्तीच्या भुकेवर उपाय करतात. ती भूक ज्या धोरणातून निर्माण होते त्याला हात घालणे हे दयाकृत्य की राजकारण, यावर धर्मग्रामांत आजही दोन तट पडतात. आजाऱ्याचा वाटा काढून ठेवायचा तर आधी समुद्रात मासळी शिल्लक असली पाहिजे, हे रापणकाराला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून या वादात रापणकाराचे म्हणणे प्रवचनकाराच्या म्हणण्याहून वजनदार मानणे योग्य ठरेल.

गेल्या दोन-तीन दशकांत या भूमीचा अर्थव्यवहारच बदलला आहे. तारकर्ली-देवबागच्या घरांवर ‘न्याहारी व निवास’ अशा पाट्या लागल्या, माडाखालच्या पडवीत पर्यटकांसाठी खोल्या निघाल्या, तरुण मुले गोव्यात, आखाती देशांत व जहाजांवर गेली आणि रापणीचा दोर ओढायला माणसे मिळेनाशी झाली. परक्याला आसरा देणे हे ज्या घरात दयाकृत्य होते, त्याच घरात ते आता दर रात्रीच्या भाड्याने चालते, आणि त्यात गैर काही नाही. पर्यटकाला स्वच्छ चादर, रास्त दर आणि ताजी मासळी देणे हाही पाचारणाच्या कल्पनेत बसणारा प्रामाणिक धंदा आहे. परंतु पर्यटक हा त्या अर्थाने परका उरलेला नाही, तो गिऱ्हाईक आहे. या किनाऱ्यावरचा आजचा परका कोकणातल्या बंदरांत यांत्रिक नौकांवर खलाशी म्हणून काम करायला आलेला नेपाळी किंवा परप्रांतीय मजूर आहे, जो नौकेवरच जेवतो, नौकेवरच झोपतो, ज्याचे नाव गावात पुष्कळांना ठाऊक नसते आणि वादळात नौका बुडाली तर ज्याच्या घरी निरोप कोणी द्यायचा हेही आधी ठरलेले नसते. त्याला ताप आला तर कोणाच्या पडवीत तो झोपतो, त्याचा पगार हंगामाच्या अखेरीस पुरा मिळतो की कापून, मेला तर त्याला मूठमाती कोण देतो आणि कोणत्या धर्माच्या रीतीने, या प्रश्नांची माहिती जमवण्याचे काम अद्याप व्हायचे आहे. आणि ती माहिती चर्चच्या वहीतून मिळणार नसून बंदरावरच्या हिशेबाच्या वह्यांतून, मुकादमांकडून आणि स्वतः त्या खलाशांकडूनच मिळवावी लागेल.